एका वेळी एक दिवा

वीज कचेरीत त्यांना सगळे युनिटराव म्हणत आणि हे नाव त्यांना मनातून आवडे. मिसरूड फुटल्यापासून त्यांनी एकच काम केलं, घरोघरी जाऊन मीटरचे आकडे टिपायचं. माणूस तोंडाने काहीही सांगो, मीटर पोटातलं सांगतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणाचा मुलगा नोकरी सुटून दिवसभर घरी लोळतोय, कुणाकडे आलेले पाहुणे जायचं नाव घेत नाहीत, कुणाचं नवराबायकोचं बिनसलंय आणि एका दिव्याच्या जागी दोन खोल्यांत दोन दिवे जळताहेत, हे सगळं ते जिन्याखालच्या पेटीत डोकं घालून सांगू शकत. निदान तसं ते म्हणत. चुकलेल्या अंदाजांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, तेही सांगत नसत.

त्यांच्या सगळ्या फेरीत सर्वांत कमी बिल कुणाचं, तर त्यांचंच. आणि ही गोष्ट ते लपवत नसत, उलट डबा खाताना दुसऱ्याच्या बिलाची चौकशी करून मग आपला आकडा हळूच पानात वाढत.

घरात कायदा एकच होता: एका वेळी एक दिवा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायचं तर आधी इकडचं बटण बंद, मग अंधारात चार पावलं, मग तिकडचं सुरू. पाहुण्यांनाही सूट नाही. एकदा त्यांचे साडू न्हाणीघरात असताना बाहेर गप्पा रंगल्या, म्हणून बाहेरचा दिवा लागला आणि कायद्याप्रमाणे आतला गेला. साडूंनी आतून विचारलं, "वीज गेली का हो?" युनिटरावांनी बाहेरून शांतपणे सांगितलं, "गेली नाही, इकडे आलीये." साडू त्यानंतर उतरले ते लॉजवरच.

बाकी तपशील इमारतीत सगळ्यांना पाठ होते. साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून केलेला रंगीबेरंगी गोळा. कात्रीने उभी चिरलेली टूथपेस्टची नळी. वाळवून पुन्हा उकळलेली चहापूड, जिच्या चहाचा रंग पाहून कुणीतरी विचारलं होतं की यात पाणी जरा जास्त झालंय की चहा जरा कमी. आणि सर्वांत वर, जिन्यातल्या दिव्याखालच्या दोन खुर्च्या. जिन्यातला दिवा सगळ्यांच्या वर्गणीतून जळे, म्हणून संध्याकाळी नवराबायको दाराबाहेर येऊन बसत. ते पेपर वाचत, ती भाजी निवडे. समोरच्या दारातली शिंपीणबाई येता जाता म्हणे, "काय वहिनी, दिवाणखाना वाढवलात की काय?"

युनिटरावांच्या बायकोला इमारतीत मिणमिणवहिनी म्हणत. तोंडावर फक्त वहिनी.

लेक सासरी, दुसऱ्या गावी. तिचा सुखरूप पोहोचल्याचा फोन म्हणजे एक रिंग, उचलायचा नाही. ती एकदा म्हणाली होती, "आई, माझ्या घरची माणसं येतात तेव्हा निदान दोन तरी दिवे लावत जा." आई म्हणाली, "दोन लावले की माणसं दोन ठिकाणी बसतात. मग गप्पा कुणाशी मारायच्या?" लेकीने कपाळाला हात लावला. घराचे हप्ते फिटले होते, लेकीचं शिक्षण, लग्न सगळं पार पडलं होतं, बँकेत बऱ्यापैकी साठलं होतं. काटकसरीचं कारण केव्हाच संपलं. काटकसर मात्र निवृत्त कारकुनासारखी रोज वेळेवर कामावर येत राहिली.

कचेरीत नवीन यंत्रणा आली ती याच सुमारास. गावातल्या सगळ्या बिलांवर ती एकदम नजर टाके आणि ज्या घराचा आकडा नको इतका कमी किंवा अचानक पडलेला, त्या घरावर लाल खूण करी. चोरी पकडायची ही नवी रीत. पहिल्याच खेपेला जी यादी निघाली तिच्यात, फेरीतल्या नामांकित बदमाशांच्या रांगेत, मीटर वाचणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर होतं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण उद्या वरून विचारलं, की मीटर ज्याच्या हातात त्याचंच मीटर झोपलंय कसं, तर मी काय सांगू?"

"काटकसर, साहेब. लेखी देतो."

"द्या. पण चौकशी होईल. तोवर बाहेरची फेरी बंद, आत टेबलावर बसा."

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं. चोरी सिद्ध झाली तर नोकरी जाणार, पेन्शन जाणार, आणि इतकी वर्षं ज्यांच्या पायऱ्या झिजवल्या ती माणसं म्हणणार, बघा, आमचे आकडे टिपताना स्वतःचे पुसत होता. त्यांनी लेखी उत्तरात एकच ओळ लिहिली: आमच्या घरी वीज कमी लागते कारण आम्ही काटकसरीने राहतो. शेजारच्या टेबलावरचा कारकून वाचून म्हणाला, "युनिटराव, शाईसुद्धा जपून वापरलीत की." त्या दिवशी पहिल्यांदाच ते हसले नाहीत.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती पोळपाट धुऊन पुसत होती. पुसलेल्या जागीच पुन्हा पुसत राहिली.

"येऊ देत की," ती म्हणाली. "आपण काही वाकडं केलेलं नाही."

"मीटर बघतील, सील बघतील. सगळं नीट आहे. पण त्या यंत्राने म्हणे दोन वर्षांपूर्वीचा आकडा धरलाय. तेव्हापासून आपलं बिल जवळजवळ निम्म्यावर आलंय." सांगताना त्यांच्या आवाजात काळजी होती आणि तिच्या तळाशी, अजूनही, थोडी ऐट.

"मग आता थोडे दिवे लावू या का? चार-दोन दिवस जास्त?"

"वेडी की काय. आता वाढला तर म्हणतील, घाबरून वायर काढली."

ती पुन्हा पोळपाट पुसू लागली. कारण आकडा का पडला हे त्या घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

तिला दिसेनासं झालं होतं. एकदम नव्हे. जग कडेकडेने झिजत गेलं, पुष्कळ वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं, आणि मधे एक चिपटी उरली. नाकासमोर जेवढं असे तेवढं धूसर दिसे. बाजूचं काहीच नाही. सुरुवातीला ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. रोज दोन्ही डोळ्यांत थेंब घालायचे. किती दिवस, असं तिने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कायम.

त्या एका शब्दाने ती हबकली. हप्ता असला तरी त्याला शेवट असतो. ज्याला शेवट नाही असा खर्च तिने आजवर उंबरठ्याच्या आत येऊ दिला नव्हता. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने बाटल्या आणल्या असत्या, आणि तीच तर अडचण होती. स्वतःपायी घरात कायमची गळती लावायची, हे तिला नजर जाण्याहून लाजिरवाणं वाटलं. मग तिने तेच केलं जे तिने साबणाचं केलं, चहापुडीचं केलं. एक दिवस डाव्या डोळ्यात थेंब, दुसऱ्या दिवशी उजव्या. महिन्याची बाटली पुरवून पुरवून तिमाहीवर नेली. ती संपल्यावर पुढची आणायचं उद्यावर गेलं आणि उद्या काही त्या घरात आला नाही.

नजर गेली तसतशी एकेक गोष्ट सुटत गेली. शिंपीणबाईकडून काजं करायला, टिपा मारायला कपडे यायचे, त्यासाठी घरात विजेवरचं शिवणयंत्र होतं. सुई दिसेना तेव्हा तिने पाठीचं दुखणं सांगितलं. इस्त्रीने एकदा मनगट भाजलं तेव्हा म्हणाली, शर्ट झटकून वाळवले की सुरकुत्या पडत नाहीत, इस्त्री कशाला. टीव्हीवर नुसतं उजेडाचं ढवळणं दिसू लागलं तेव्हा म्हणाली, त्यात बघण्यासारखं असतं काय. जिन्यात बसणंही सोडलं, कारण येणारी-जाणारी माणसं बाजूने हाक मारत आणि तिला कळत नसे कुणीकडे बघून हसायचं. शिंपीणबाईने त्याचा अर्थ लावला, की मिणमिणवहिनींना आता शिष्टपणा आलाय. आणि स्वयंपाकघरातला दिवा, जो भर दिवसाही लागायचा कारण त्या खोलीला खिडकी म्हणावी अशी खिडकीच नव्हती, तो तर तिने आपण होऊनच बंद केला. लावून उपयोग काय? डबे हाताला माहीत होते. उकळीचा आवाज कानाला माहीत होता.

यातलं प्रत्येक सुटणं तिने नवऱ्याला बचत म्हणून सांगितलं आणि नवऱ्याने प्रत्येक वेळी मान डोलावली. महिन्याचा आकडा पाहून ते म्हणत, "तू माझ्यावरसुद्धा मात केलीस." अंधाऱ्या घरात बायको भिंतीला हात लावून चालते यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. त्या घरात सगळेच भिंतीला हात लावून चालत.

तपासणीस बाई आली ती दुपार कलताना. चाळिशीची, कपाळावर आठी, खांद्याला जड पिशवी, बोलणं मोजकं. बरोबर कुणी नाही. तिने मीटर उघडलं, सील भिंगातून पाहिलं, एक-एक तार चाचपली, मग मुख्य तारेला वाहती वीज मोजणारं चिमट्यासारखं छोटं यंत्र लावलं आणि खुर्ची मागितली.

"मीटर ठीक आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही जन्मभर मीटरच्याच संगतीत काढलात. मीटरला कळू न देता वीज कशी घ्यायची हे तुम्हाला मला शिकवता येईल. म्हणून मी संध्याकाळपर्यंत बसणार. तुम्ही रोजच्यासारखं वागा."

"रोजच्यासारखं," युनिटराव म्हणाले, आणि पुढचे दोन तास त्यांनी त्या घरात आजवर कुणी दाखवलं नसेल ते दाखवलं. लाज वाटत होती, पण नोकरी त्याहून मोठी होती. त्यांनी साबणाचा गोळा दाखवला. टूथपेस्टच्या चिरलेल्या नळ्या दाखवल्या, ताटल्यांत वाळत घातलेली चहापूड दाखवली. गच्चीवर नेऊन उन्हात तापत ठेवलेले काळे डबे दाखवले, आंघोळीचं पाणी. थंडीत बंद करून कपाट म्हणून वापरलेला फ्रिज दाखवला, त्यात पांघरुणं होती. बाईने प्रत्येक वस्तूकडे पाहिलं आणि काही म्हटलं नाही, आणि ते काही न म्हणणं युनिटरावांना टोमण्यांहून झोंबलं.

साक्षीला म्हणून त्यांनी शिंपीणबाईला बोलावलं. ती गळ्यात मापाची फीत घालून आली आणि मनापासून मदत केली.

"चोरी?" ती म्हणाली. "अहो बाई, ही माणसं चोरी करतील तर ती वीज वापरायला नको का? यांच्याकडे मी एकदा सुई शोधायला आले होते. काडी पेटवून शोधली, आणि ती काडीसुद्धा यांनी विझवून परत पेटीत ठेवली."

"अर्धी शिल्लक होती," युनिटराव म्हणाले.

"बघा."

"म्हणजे हे पहिल्यापासून असेच?" बाईने विचारलं.

"मी इथे आल्यापासून. माझे तीन भाडेकरू बदलले, यांचा दिवा बदलला नाही."

तपासणीस बाईने कागदावर काहीतरी टिपलं आणि शिंपीणबाईला जायला सांगितलं. ती गेली, पण दार पुरतं लागलं नाही.

उजेड उतरत आला होता. मिणमिणवहिनी आतून चहा घेऊन आली, ट्रे दोन्ही हातांत छातीशी धरून, पायाने जमीन चाचपत. तिने ट्रे ठेवला तो टेबलाच्या बरोबर मधोमध. मग ती भिंतीलगतच्या स्टुलावर बसली. युनिटरावांनी बाहेरच्या खोलीतला दिवा लावला. पाहुणीसाठी, काही मिनिटं आधीच.

"एक शंका आहे," बाई म्हणाली. "तुम्ही काटकसरी आहात हे मला पटलं. कुणालाही पटेल. पण शेजारीण म्हणते तुम्ही पहिल्यापासून असेच आहात. मग दोन वर्षांपूर्वी आकडा पडला कसा? काटकसर तर आधीही होतीच."

"ती वाढवली."

"कशी? काय बंद केलं, सांगा."

हा प्रश्न युनिटरावांच्या आवडीचा होता. ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "शिवणयंत्र बंद केलं. त्याची मोटर बरीच खाते. इस्त्री बंद केली."

"का?"

"हिनेच सोडली. मग टीव्ही सोडला. मी म्हटलं होतं, बातम्यांपुरता लाव, तर नको म्हणाली. स्वयंपाकघरातला दिवा तर आता लागतच नाही."

"त्या खोलीत? मी आत्ता आत जाऊन आले, मला माझा हात दिसला नाही."

"सवय आहे तिला," ते कौतुकाने म्हणाले.

बाईने कागद मांडीवर ठेवला. "हे बघा, काका. तुम्ही या कामात माझ्या आधीपासून आहात. घरात माणूस वाढलं की आकडा वाढतो, माणूस गेलं की पडतो. हा पडलाय तो घरातलं कुणीतरी उठून गेल्यासारखा. तुमची मुलगी तर त्याच्या कितीतरी आधी गेली. मग तेव्हा कोण गेलं?"

"कोणीही नाही. आम्ही दोघं तेव्हाही होतो, आताही आहोत."

"मग मला लिहावं लागेल की कारण समाधानकारक नाही."

त्यानंतर काय होतं हे युनिटरावांना माहीत होतं. असे कागद पुढे कुठे जातात ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी चहाचा कप उचलला, परत ठेवला.

"लिहू नका," स्टुलावरून आवाज आला. मिणमिणवहिनी समोरच्या भिंतीकडे बघत होती. "कारण आहे. मला दिसत नाही."

तपासणीस बाईने पेन खाली ठेवलं.

"दोन वर्षं झाली. थोडं जास्तच असेल. म्हणून शिवण सोडलं, म्हणून इस्त्री. टीव्ही बघायचा कशाने? दिवा लावून मला काय मिळणार होतं? लावला नाही."

"अगं," युनिटराव म्हणाले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाईकडे, आणि मग त्यांच्या तोंडावर एकदम ओशाळं हसू आलं. "बाई, हे लिहू नका. ही माझ्यासाठी बोलतेय. भोळी आहे. नोकरीवर गदा येईल म्हणून काहीतरी सुचलं ते बोलली."

"अहो, खरं आहे."

"असं खोटं बोलून सुटायचं नाही आपल्याला. आजवर खोटा आकडा टिपला नाही मी, आता बायकोला पुढे करून... बाई, काही झालेलं नाही हिला. सगळा स्वयंपाक हीच करते. हा चहा तिनेच आणला. आंधळं माणूस चहा आणतं का असा?"

"मी आंधळी म्हटलं नाही. समोरचं थोडं दिसतं."

"काल माझ्या शर्टचं बटण लावलंस ना?"

"ते शिंपीणबाईंनी लावलं. मी नेऊन दिला."

दाराच्या फटीतून कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि मग दार खरंच लागलं.

तपासणीस बाई उठली. ट्रेमधल्या पेल्यात पाणी होतं, तो तिने उचलला आणि काही न बोलता स्टुलाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पेला मिणमिणवहिनीच्या उजव्या खांद्याजवळ धरला, हातभर अंतरावर, कुणी पाणी दिलं की माणूस मान वळवून घेईल असा. मिणमिणवहिनी भिंतीकडे बघत राहिली. बाईने पेला आणखी पुढे आणला. पेल्यातलं पाणी दिव्याच्या उजेडात हललं. वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"बाई कुठे गेल्या?" तिने विचारलं.

युनिटराव खुर्चीतून अर्धवट उठले होते ते तसेच राहिले.

"इथेच आहे मी," बाई तिच्या कानाशी म्हणाली. वहिनी दचकली आणि तिचा हात पेल्यावर आपटला. पाणी सांडलं. "अगं बाई, पुसते मी," म्हणत ती खाली वाकली आणि जिथे पाणी नव्हतं ती फरशी पुसू लागली.

बाईने तिला हाताला धरून पुन्हा बसवलं आणि डॉक्टर, औषध, सगळं एकेक करून विचारलं. वहिनीने सगळं सांगितलं. डाव्या-उजव्या डोळ्याची पाळी सांगताना तिचा आवाज खाली गेला नाही. बाजारातून काहीतरी स्वस्तात आणल्यासारखं तिने ते सांगितलं, आणि सांगून झाल्यावर समोर बसलेली दोन माणसं गप्प का झाली हे तिला नीटसं कळलं नाही.

"औषध आणायला पैसे नव्हते?" बाईने विचारलं.

"होते की," वहिनी म्हणाली. "पैसे आहेत आमच्याकडे."

बाई बराच वेळ लिहीत होती. मग तिने कागद युनिटरावांपुढे सरकवला. "जबाब आहे. वाचून सही करा. म्हणजे प्रकरण इथेच मिटेल. मी चोरी नाही असं लिहिलंय."

त्यांनी वाचलं. घर, मीटर, सील, सगळं बरोबर. वापर कमी होण्याचं कारण, गृहिणीची दृष्टी जाणे. आणि शेवटची ओळ: सदर बाब मला आजपर्यंत माहीत नव्हती.

"ही ओळ," ते म्हणाले. "ही हवीच का?"

"हवी. तुम्ही आधी लेखी दिलंय, कारण फक्त काटकसर. हे माहीत असून तसं लिहिलं असेल तर तुम्ही कचेरीपासून खरं लपवलंत. मग चौकशी पुढे चालू राहील. माहीत नव्हतं असं असेल तरच सुटका."

"थोडं माहीत होतं असं नाही लिहिता येणार? म्हणजे, कमी दिसतं एवढं... वयाने दिसतंच कमी..."

"माहीत होतं तुम्हाला?"

त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. एका घरात, एका दिव्याखाली, त्या दिव्याखेरीज उजेड नाही म्हणून कायम एकमेकांसमोर बसूनही त्यांना कळलं नव्हतं. आता ही ओळ सरकारी कागदावर राहणार होती आणि खोटी आहे म्हणून खोडायची सोयही नव्हती.

"काय लिहिलंय?" वहिनीने विचारलं. "मला वाचून दाखवा."

त्यांनी वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला आवाज इतका पडला की ती म्हणाली, "ऐकू आलं नाही." मग त्यांना ती ओळ पुन्हा वाचावी लागली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "करा सही. त्यांना उशीर होतोय."

त्यांनी सही केली. रोज डझनांनी सह्या करणाऱ्या माणसाची ती सही वाकडी आली. बाईने तारेवरचा चिमटा काढला, पिशवी भरली. जाताना ती उंबऱ्यात थांबून म्हणाली, "उद्या रजा घ्या आणि यांना डॉक्टरांकडे न्या. जे उरलंय ते तरी." तिने वाक्य तिथेच सोडलं. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज उतरत गेला.

वहिनी उठली, चाचपत कपबशा गोळा करू लागली. "सुटलो बाई एकदाचे," ती म्हणाली. "पेन्शनचा घोर होता मला. आता लेकीला कळवा, पण रिंगच द्या, तिच्या घरी आता जेवणाची वेळ असेल."

"का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही लगेच औषधं आणली असती."

"आणली असती."

"तेच ना."

त्यांच्या ओठांशी रागाचं काहीतरी आलं, पण ते कुणावर काढायचं हे ठरेना. महिन्यामागून महिने आकडा उतरताना पाहून त्यांनी तिची पाठ थोपटली होती. ती कप धुवायला आत गेली, अंधारात. ते तिच्या मागोमाग गेले, बटण दाबलं आणि स्वयंपाकघर पाहिलं. कट्ट्याच्या कडेला तेलाचे डाग होते, भिंतीवर हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा गेला होता, दारापासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून मोरीपर्यंत.

"बाहेरचा बंद केलात का?" तिने पाठमोऱ्याच विचारलं.

त्यांनी बंद केला नव्हता.

"मी कुठे उभा राहिलो की तुला दिसतो?" त्यांनी विचारलं.

ती वळली आणि मान इकडून तिकडे हळू फिरवू लागली, पेटीत हात घालून एखादी वस्तू शोधावी तशी. ते दारापाशी होते. ते एक पाऊल डावीकडे सरकले, मग थोडे पुढे आले.

"थांबा," ती म्हणाली. "हां. इथे. बोळातून बघितल्यासारखे दिसताय." तिने डोळे बारीक केले. "दाढी किती वाढलीये. करत का नाही?"

"ब्लेड अजून पुरवायचं..." ते म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. ती वाट बघत राहिली. तेही तिथेच उभे राहिले, जराही न हलता.